इंजिनाचा गळा दाबणारा मिस्त्री

सिद्राम मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका इंजिनाचा जीव घेत होता.

हे मी सजवून सांगत नाही. मला सजवता येत नाही. जन्म हिशेब लिहिण्यात गेला. अणदूरला हमरस्त्याच्या कडेला आमच्या सहकारी संघाचं आवार होतं. पुढं खताचं गोदाम, बाजूला बियाण्याची खोली, मागं पत्र्याची शेड. मी तिथं हिशेबनीस. एका सकाळी शेडपुढं कुणाच्या तरी विहिरीवरचं डिझेल इंजिन चालू होतं आणि त्याच्यासमोर एक उंच, हाडकुळा, पन्नाशीचा माणूस उकिडवा बसला होता. इंजिन ज्या तोंडानं वारा ओढतं, त्यावर त्यानं उजवा तळवा सपाट ठेवला आणि दाबला. इंजिन कण्हलं. जागच्या जागी उड्या मारायला लागलं, धुराड्यातून काळा लोट निघाला, दोन आचके दिले आणि गप्प झालं. त्यानं तळवा उचलला. तळव्यावर लालभडक गोल वळ उठला होता.

"मेलं," माझ्याकडं बघून तो समाधानानं म्हणाला. "निरोगी हाय."

मी हबकून तसाच उभा राहिलो. एखादी वस्तू धडधाकट आहे हे ठरवायला ती आधी मारून बघावी लागते, हे मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यामागचं शास्त्र त्यानं मला नंतर सांगितलं, न विचारता. इंजिनाला नाक एकच. नाकापुढं गाळणं असतं: खाली वाटीत तेल, वर तारांची चाळण. धूळ तेलात बसते, स्वच्छ वारा आत जातो. म्हणून नाक दाबलं की इंजिन मेलंच पाहिजे. नाही मेलं, तर समजायचं की कुठंतरी फट आहे आणि तिथून ते लपूनछपून वारा पितंय. त्याला तो 'चोरटा वारा' म्हणायचा. चोरट्या वाऱ्याबरोबर धूळ आत जाते आणि पिस्टन खाते. "आपल्याकडली धूळ म्हंजी कानस हाय, हिशेबनीस," तो म्हणायचा. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. मी हिशेबनीस, माझी बायको वैनी, आणि उरलेली सगळी दुनिया 'ते'.

तो आला कुठून, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. नावावरून सीमेकडचा वाटायचा. राग आला की कानडीत पुटपुटायचा. बायकामुलांचं विचारलं की "कुणी न्हाय" एवढं सांगून पाना उचलायचा. खानावळीत जेवायचा आणि शेडमागच्या खोलीत दार सताड उघडं टाकून झोपायचा. दार लावलं तर वारा कोंडतो म्हणे. एका हिवाळ्यात त्याच उघड्या दारातून कुत्र्यानं त्याची चप्पल नेली, तरी दार उघडंच राहिलं.

"आधी वाऱ्याचं बोला" हे त्याचं पालुपद. कुणी म्हणालं ट्रॅक्टर ओढत नाही, की आधी वाऱ्याचं बोला. कुणी म्हणालं बियाणं उगवलं नाही, तरी तेच. एकदा वार्षिक सभेत आमचे चेअरमनसाहेब सहकारावर बोलायला उभे राहिले ते बसेनात. मागच्या रांगेतून मिस्त्री शेजाऱ्याला म्हणाला, "सायबाला दम लई हाय, पर गाळणं बसवलेलं न्हाय." तो हळू बोलला असेल, पण जन्म इंजिनापाशी काढलेल्या माणसाचं हळू म्हणजे आपली हाक. सगळी सभा हसली. चेअरमन हसले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्याकडं पाहून घेतलं.

लांबून धूर बघून तो रोग सांगायचा. काळा धूर असेल तर वारा कमी, निळा असेल तर तेल जळतंय, पांढरा असेल तर इंजिन अजून थंड. एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण तो हमरस्त्यावर आडवा होऊन एसटी थांबवायचा आणि भरल्या गाडीसमोर ड्रायव्हरला झापायचा. "येवढी माणसं बसवलीत अन् हिचा गळा आवळलाय व्हय रं?" ड्रायव्हर शिव्या द्यायचे, प्रवासी हसायचे, आणि मी आवाराच्या फाटकात मान खाली घालून उभा असायचो.

शिवाय तो चुकायचाही भरपूर. एकदा बँकेच्या तपासनीसाची स्कूटर आमच्या आवारात बंद पडली. मिस्त्रीनं तिचं गाळणं तीनदा काढलं, पुसलं, फुंकलं, उन्हाकडं धरून पाहिलं. अर्ध्या तासानं वॉचमननं टाकीत काडी घातली. टाकी कोरडी. "पेट्रोल न्हवतं ते खरं," मिस्त्री म्हणाला, "पर वाराबी कमीच व्हता." माझ्या अंदाजानं दहात चार वेळा त्याचं निदान साफ चुकायचं. हा हिशेब मी एकदा त्याला तोंडावर सांगितला. तो खूश झाला. "म्हंजी सहा बार बरोबर," म्हणाला. चूक कबूल करणं त्याच्या अंगातच नव्हतं.

आता सासऱ्यांचं सांगतो. आमचे सासरे लातूरकडचे, निवृत्त मास्तर, करारी माणूस. चार दिवस आमच्याकडं आले होते आणि दुपारी पडवीत घोरत पडले होते. मिस्त्री काहीतरी निरोप घेऊन आला. निरोप राहिला बाजूला. तो सासऱ्यांच्या उशाशी उकिडवा बसला आणि मान तिरपी करून ऐकायला लागला. मी खाटेवरून उठेपर्यंत त्यानं मास्तरांच्या तोंडावर तळवा दाबलाही होता. सासरे असे उठले की धोतराचा सोगा एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला. आपल्या पडवीत आपल्या सासऱ्यांचा खून झाला असता तर काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

मिस्त्री शांत होता. "तोंड दाबलं तरी चालू ऱ्हायले," त्यानं मला सांगितलं. "डाव्या नाकपुडीनं घेत्यात. उजवी बंद हाय." सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. पण संध्याकाळी ते न्हाणीघरात एकटेच डावी नाकपुडी दाबून बघताना मला दिसले, आणि लगेच त्यांनी ती सोडलेलीही दिसली.

ट्रकच्या नाकाला तळवा पुरत नाही, म्हणून त्यानं आमचा पोळपाट नेला. "वैनी, पोळपाट द्या जरा," म्हणाला; माझ्या बायकोला, सुमनला, वाटलं, बिचारा आज पोळ्या लाटतोय. परत आला तेव्हा पोळपाटावर तेलकट काळं वर्तुळ उमटलं होतं. सुमन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही ते मीच उमटवलं. शेवटी घरात नवा पोळपाट आला आणि जुना संघाच्या शेडमध्ये खिळ्याला लटकला.

असा हा माणूस. आता जे सांगायचं आहे ते शहाऐंशीच्या उन्हाळ्यातलं.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही पाहिलेला होता, त्यामुळं कुणी भ्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण फाल्गुन उजाडायच्या आत विहिरी तळाला गेल्या. संघानं एक जुना ट्रक घेतला, त्यावर लोखंडी टाकी बसवली आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर पाणी पोचवायला सुरुवात केली. ट्रकची तब्येत मिस्त्रीकडं, खेपांचा मेळ माझ्याकडं. कच्च्या रस्त्यांवर पाऊलभर फुफाटा. मिस्त्रीचं म्हणणं, धूळ खाली जड आणि वर हलकी, म्हणून ट्रकनं वारा वरून घ्यावा. त्यानं डालड्याच्या डब्यांचे पत्रे झाळून एक नळा केला, तो बॉनेटमधून बाहेर काढला आणि ड्रायव्हरच्या दाराशेजारून माणसाच्या छातीइतका वर नेला. वर तोंड पसरट, लग्नातल्या कर्ण्यासारखं. मी म्हणालो, तोंडाला जाळी लावा, पाखरू जाईल. "जाळीनं दम कोंडतो," तो म्हणाला, आणि विषय संपला.

जळकोटच्या आडबाजूला एक वस्ती होती. मेंढरं राखणारी आणि मजुरीला जाणारी वीस-पंचवीस घरं. टँकर आला की तिथल्या कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा. मग बायका ते शेंदून घ्यायच्या. दिवसाआड एक खेप. त्या वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. संघाच्या मागच्या निवडणुकीत त्या वस्तीनं चेअरमनसाहेबांच्या विरुद्ध मतं टाकली होती. ते कुणी बोलून दाखवत नसे, पण चेअरमन ती खेप पाहिली की विचारायचे, "हिची जरुरी आहे का?"

एका दुपारी टँकर त्याच वस्तीवरून परत येताना चढावर बसला. रिकामा असून ओढेना. मागं काळ्या धुराचा पडदा. ड्रायव्हर बाबूराव कसाबसा ढकलगाडी करत तो आवारात घेऊन आला. त्याचं म्हणणं डिझेलमध्ये भेसळ आहे. चेअरमनना कळलं तेव्हा त्यांचं म्हणणं पंप गेला, सोलापूरला धाडा. मिस्त्रीचं म्हणणं सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं इंजिन चालू केलं, पोळपाट काढला आणि नळ्याच्या तोंडावर दाबून धरला. मी पाहत होतो. इंजिनाला काही फरक पडला नाही. आधी जसं खोकत होतं, तसंच खोकत राहिलं.

मिस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तोंड दाबलं तरी जित्तं," तो म्हणाला. "म्हंजी तोंडानं घेतच न्हाय. दुसरीकडनं पितंय." त्यानं इंजिनाजवळचा रबरी जोड चाचपला. जुनं रबर, त्याला बारीक भेगा होत्या. त्याला तेवढंच हवं होतं. सायकलची ट्यूब कापून त्यानं तो जोड घट्ट आवळला आणि विजयानं इंजिन चालू केलं. ते पहिल्यापेक्षा काळं ओकलं आणि सरळ बंद पडलं.

मी म्हणालो, "मिस्त्री, हे सहांतलं की चारांतलं?"

तो चिडला नाही. भेगेतून येणारा वारा हाच त्या इंजिनाचा शेवटचा घास होता, आणि तो आपण तोडला, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणजे वरचा नळाच तुंबलेला. तो पालथा होऊन खालचं वाकण सोडवायला लागला. नळा सुटला तेव्हा त्यानं आत दोन बोटं घातली आणि काहीतरी ओढलं.

आतून खण निघाला. चोळीचा खण, हिरवा, लाल काठाचा, नवा कोरा. त्याच्या घडीत एक सुपारी आणि हळकुंड. गाळण्याची वाटी उघडली तर काळ्या तेलात मूठभर ज्वारी फुगून बसलेली. नळ्याच्या आतल्या अंगाला हळदीकुंकवाचा माग थेट खालपर्यंत आलेला.

मला समजायला क्षणभर लागला. त्या वस्तीवरच्या कुणा बाईनं टँकरची ओटी भरली होती. नळ्याचं पसरट तोंड तिला पदरासारखं वाटलं असेल. ज्या घरात दुष्काळात दाणा मोजून शिजत होता, तिथली मूठभर ज्वारी तिनं त्यात सोडली होती, वर नवा खण. आणि एका ओटीनं टँकर मारला होता.

मिस्त्री खण हातात धरून बसला होता. तेवढ्यात फाटकात जीपचा आवाज झाला. मिस्त्रीनं खण, सुपारी, हळकुंड गोळा करून सदऱ्याच्या आत कोंबलं आणि वाटीतलं तेल दाण्यांसकट मातीत उपडं केलं.

चेअरमन जीपमधून उतरले ते बोलतच. बरोबर दोघं संचालक. त्यांना बातमी आधीच लागली होती, आणि त्यांचा निकालही तयार होता. त्या वस्तीवर आदल्या खेपेला नंबरावरून भांडण झालं होतं. तिथल्याच कुणीतरी गाडीत काही घातलं, म्हणजे गाडी तिथंच बसावी आणि दुसऱ्यांच्या वाटणीचं पाणी त्यांना मिळावं. तसं निघालं तर त्या वस्तीची खेप आजपासून बंद. त्यांनी सुटलेल्या नळ्याकडं पाहिलं. "काय निघालं यात?"

मिस्त्री उठून उभा राहिला. हात सदऱ्याला पुसले.

"बोळा निघाला," तो म्हणाला. "माजाच. नळा पुसताना आत ऱ्हायला."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्या माणसानं कोरड्या टाकीपुढं उभं राहून वारा कमी असल्याचं सांगितलं होतं, तो हे म्हणत होता.

चेअरमनही चकित झाले असावेत, कारण त्यांनी परत विचारलं. "तुझा? तू विसरलास?"

"व्हय."

"वाऱ्याचा एवढा मोठा डॉक्टर, आणि रोग्याच्या घशात तूच बोळा कोंबला?"

"व्हय. चूक माजी हाय."

संचालक हसले. बाबूराव हसला. फाटकाबाहेर चहावाल्याकडं उभे असलेले दोन एसटी ड्रायव्हर तर पोट धरून हसले. त्यांची बरीच बाकी होती. मिस्त्री हसणं संपेपर्यंत उभा राहिला. सभेतलं ते वाक्य चेअरमनना आठवत होतं की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी तिथंच सांगितलं की टँकर चालू करून दे आणि उद्यापासून कामावर येऊ नको. सोलापूरहून दुसरा माणूस आणू.

मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. खोटं सांगायची मला सवय नाही. पण हिशेबनिसाला इंजिनाचं कोण विचारतो. वस्तीची खेप बंद करायचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

जीप गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, हे काय केलंत, नोकरी गेली तुमची. तो नळा परत बसवत होता. म्हणाला, "जाळी म्या लावली न्हवती. खोटं कुठं बोललो?" टँकर संध्याकाळी चालू झाला. पोळपाट लावला तर मेला, काढून चालू केला तर उठला. नळ्याच्या तोंडाला बारीक जाळी होती. कधी लावली ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर येऊ नको सांगितलेलं असूनही तो टँकरमध्ये बाबूरावशेजारी जाऊन बसला. कुठं, म्हणून बाबूरावनं विचारलं. तो म्हणाला, वस्तीवर. हे पुढचं मला बाबूरावनंच सांगितलं. टाकीतलं पाणी विहिरीत सोडेपर्यंत मिस्त्रीनं बिस्किटाचा एक रिकामा डबा टँकरच्या पुढच्या बंपरला तारेनं बांधला आणि बायकांना बोलावलं. म्हणाला, इथं भरा, त्या तोंडात न्हाय. त्यानं गाडी आजारी पडती. बायका घाबरल्या. त्यांतली एक म्हातारी पुढं आली. तिनं सांगितलं की खण तिनंच घातला. गाडी पाणी घेऊन येती आन् रिकामी जाती, ते तिला बघवेना. "लेकीला रिकामी लावून देतो का रं आपण, अप्पा?" ती म्हणाली. "मंग ती फिरून येईल कशी?"

बाबूराव म्हणाला, मिस्त्री येताना सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत बसला. इंजिनाकडंसुद्धा कान नव्हता त्याचा. बाबूरावला वाटलं, नोकरीचं दुःख.

त्याच संध्याकाळी तो आमच्या दारात आला. अंघोळ केलेली, सदरा धुतलेला. हातात तो हिरवा खण, साबणानं धुऊन घडी घातलेला, पण मधोमध तेलाचा डाग तसाच. मला ओलांडून तो सुमनला म्हणाला, "वैनी, ओटीत काय काय घालत्यात?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. तिनं सांगितलं: धान्य, नारळ, खण, सुपारी, हळकुंड, हळदीकुंकू. तो बोटांवर धरत गेला, एखाद्या इंजिनाचे सुटे भाग पाठ करावेत तसा. मग म्हणाला, "बापानं भरली तर चालती का?"

"कुणाची भरायची आहे, मिस्त्री?"

"लेकीची."

पाच वर्षं तो माणूस आमच्या दारात येत-जात होता. आमच्या स्वयंपाकघरातला पोळपाट त्याच्याकडं होता. आणि त्याला मुलगी आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

काशी तिचं नाव. तेर गावी दिली होती. आई लहानपणीच गेलेली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा मिस्त्री सीमेकडच्या एका गॅरेजात होता. चार दिवस राहिली. जायच्या दिवशी एक ट्रक अडकला होता आणि हा त्याच्या खाली. ती निरोप घ्यायला गॅरेजात आली. त्याला फक्त तिची पावलं दिसली, जोडवी घातलेली. "गाडीखालनंच म्हणलं, जा," तो म्हणाला. घरात बाईमाणूस नाही. शेजारणीला ओटीचं सांगायचं त्याला सुचलं नाही. पोर रिकाम्या पदरानं सासरी गेली. तिथं तिला त्यावरून बोलणी बसली. पुढच्या सणाला हा आणायला गेला तर तिनं आतूनच निरोप धाडला की येत नाही. त्यावर हाही परत गेला नाही.

"किती वर्षं झाली?" सुमननं विचारलं.

"पंधरा."

"पंधरा वर्षं? आणि एका शेजारणीला तुम्हाला सांगता आलं नाही, की जरा चला माझ्याबरोबर?" सुमनचा आवाज चढला होता. मला वाटलं, पोळपाटाचाही राग त्यात मिसळला आहे. "सगळ्या जगाला अडवून अडवून शहाणपण शिकवता, आणि एवढं तोंडातून निघालं नाही?"

"न्हाय निगालं," तो म्हणाला. तो खण तसाच पुढं धरून उभा होता. "ह्यो चालंल का? धुतलाय म्या."

"डाग आहे त्याला," सुमन म्हणाली. ती आत गेली, तिनं ट्रंक उघडली आणि स्वतःचा नवा खण काढला.

तेरला आम्ही तिघं गेलो. आधी उस्मानाबादेपर्यंत एक गाडी, मग तिथून तेरची. दुसरी गाडी सबंध वाटभर काळी ओकत होती. मी धास्तावून मिस्त्रीकडं पाहत होतो, की हा आता उठेल आणि ड्रायव्हरला धरेल. तो पिशवी मांडीवर धरून बसून राहिला. नारळ गाडीच्या हिसक्यांनी घरंगळू नये म्हणून त्यावर तळवा ठेवलेला.

काशीचं घर तेरणा नदीच्या बाजूला, मातीचं, सारवलेलं. जावई रानात गेला होता. काशीनं दारात आम्हाला पाहिलं. बापासारखीच उंच. तिनं आम्हाला पाणी दिलं. बापाला दिलं तेव्हा तांब्या त्याच्या हातात न देता समोर ठेवला. मिस्त्री बाहेर ओट्यावर बसला, पाय खाली सोडून, आणि मीही त्याच्याजवळ बसलो. आत सुमननं पाट मागून घेतला. उघड्या दारातून मला दिसत होतं. काशीनं आढेवेढे घेतले, मी आता काय लहान आहे का, म्हणाली. सुमननं ऐकलं नाही. पदर पसरायला लावला. आधी ज्वारी, मग नारळ, खण, सुपारी, हळकुंड. ज्वारीचा पदरात पडायचा आवाज बाहेर ऐकू आला. मिस्त्रीनं तेव्हा मान वर केली, पण आत पाहिलं नाही.

काशी भरलेला पदर दोन्ही हातांनी सावरत दारात आली. तिच्या मागं एक मुलगी येऊन उभी राहिली, बारा-तेरा वर्षांची, आजोबाकडं टक लावून बघणारी. मिस्त्रीनं तिच्याकडं असं पाहिलं, की आपल्याला नात आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं असावं. कळलंही तेव्हाच.

मी घसा साफ करत होतो. तेवढ्यात काशी म्हणाली, आणि बापाकडं न बघता, समोरच्या लिंबाकडं बघत म्हणाली, "तुमच्या तिथं न्हाणीला आडोसा हाय का?"

मिस्त्रीला ते समजायला वेळ लागला.

"न्हाय," तो म्हणाला.

"मंग ही पोर कुठं न्हाईल? मोठी झालीय आता."

"करतो," मिस्त्री म्हणाला. "आडोसा करतो."

एवढंच. ती आत गेली, आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

परतताना उस्मानाबादच्या स्टँडवर आमची गाडी लागलेली होती. मिस्त्री म्हणाला, तुमी व्हा फुडं. त्याला नोकरी नव्हती. संघाची खोलीही महिनाअखेरीला सोडायची होती. पुढं कुठं राहणार, हे मी त्याला विचारणार होतो. आडोसा तरी नेमका कुठल्या घराला करायचा, हा साधा प्रश्न मला सुचला होता. पण सुमननं माझा हात दाबला, म्हणून मी गप्प बसलो.

गाडी निघाली तेव्हा खिडकीतून तो मला रस्त्यापलीकडं दिसला. पत्र्याच्या दुकानासमोर उभा होता, दोन्ही हात जितके जातील तितके पसरून, एका मुलीला आडोसा केवढा लागतो याचं माप दुकानदाराला दाखवत.